साडेतीन महिन्यांची जागा

पत्र:

ताई, नमस्कार. मी २४ वर्षांची, कुडाळ तालुक्यातली. आमच्याकडे आजोबांपासून गणपतीची शाळा आहे. दरवर्षी दीडशेच्या आसपास मूर्ती होतात आणि बारावीपासून डोळ्यांची आखणी मीच करते. यंदा परळच्या एका कारखान्यातून बोलावणं आलंय, १ जूनपासून गणपतीपर्यंत. मोठ्या मूर्तींचं काम शिकायला मिळेल म्हणून मला जायचंच आहे. घरची शाळा दादा-वहिनी सांभाळतील. पण कारखानदार म्हणतात, "राहायचं तुझं तू बघ." तिथली मुलं मांडवातच झोपतात. काका डोंबिवलीला असतात, वन रूम किचनमध्ये पाच माणसं. ते 'ये गं' म्हणाले, पण काकू फोनवर गप्प होती. मोबाइलवर करी रोडची एक जागा पाहिली : कॉट बेसिस म्हणजे एका खाटेपुरती, महिना ९,००० रुपये, डिपॉझिट १८,०००. तो माणूस जागा दाखवायच्या आधी ५,००० टोकन मागतोय, नाहीतर संध्याकाळपर्यंत जाईल म्हणतो. बाकी सगळे अकरा महिन्यांचा करार मागतात. मला तर ऑगस्टअखेरपर्यंतच हवी आहे. बाबा म्हणतात, "मुंबयत जागा गावात, पण झोप गावाची नाय." म्हणजे जागा मिळेल, पण झोप मिळायची नाही. काय करू? आणि एक विचारते, हसू नका. कामावरून येताना हातापायाला रंग असतो. अशा मुलीला कुणी घरात ठेवून घेईल का?

एक आखणीवाली, सिंधुदुर्ग

उत्तर:

प्रिय आखणीवाली,

टोकन पाठवू नकोस, एवढी एक ओळ तुझं पत्र आलं त्याच दिवशी तुला कळवली होती. ती वेळेत पोचली असं धरून पुढचं लिहिते.

जागा न दाखवता पैसे मागणारा, 'अजून तीन पार्ट्या रांगेत आहेत' म्हणणारा, आपण सैन्यात आहोत आणि बदली झाली म्हणून ओळखपत्राचा फोटो पाठवणारा, हे सगळे एकाच माळेचे मणी. माझ्या भाच्याचे अशाच टोकनात चार हजार गेले. नंतर आम्ही खोलीचा फोटो मोठा करून पाहिला, तर खिडकीबाहेर उभी असलेली बस निळी होती. बेस्टची लाल बस जन्मभर पाहिलेली माणसं आम्ही, पण पैसे जाईपर्यंत कुणाचं खिडकीकडे लक्ष गेलं नाही. कुणी म्हणालं की कोड स्कॅन कर, तुला एक रुपया परत येईल, तर लक्षात ठेव : पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेलेच. आणि एवढं करून तू ते पाठवलेच असशील, तर लाजत बसू नकोस. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, लगेच लाव. जितका उशीर, तितके ते पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

आता तुझ्या हिशेबातली एक चूक. तू लिहितेस 'गणपतीपर्यंत' आणि पुढे लिहितेस 'ऑगस्टअखेरपर्यंत'. गेल्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला होती, तेच डोक्यात राहिलं असणार. यंदा अधिक ज्येष्ठ आला, १७ मे ते १५ जून. त्यामुळे गणपती पुढे गेले, चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे तुला तीन नाही, साडेतीन महिने जागा हवी. हे पंधरा दिवस किरकोळ समजू नकोस. कारखान्यात सगळ्यात जास्त काम याच पंधरा दिवसांत असतं, आणि नेमकं तेव्हाच तू बोचकं घेऊन रस्त्यावर उभी असतीस. बोलतानाच '१५ सप्टेंबरपर्यंत' असं बोल. आणि कारखानदाराला आत्ताच विचारून ठेव की गणपती संपल्यावर देवीच्या मूर्तींना तू हवी आहेस का. महिन्याभराने नवरात्र आहे. त्याने 'थांब' म्हटलं आणि तुझी इच्छा असली, तर घरमालकिणीला महिनाभर आधी सांगता येईल. सगळा बेत ऐन वेळी मोडणार नाही.

तू मला जागा विचारलीस, पण मी आधी वेळ विचारते. जूनमध्ये तू सकाळी दहाला जाशील आणि सातला सुटशील. ऑगस्ट उजाडला की नऊ वाजतील, मग अकरा. शेवटच्या दहा दिवसांत आखणीवालीला कोण सोडतंय! मूर्तीची बाकीची सगळी कामं चार जणांत वाटता येतात, डोळ्यांना हात एकाचाच लागतो, हे तुला मी सांगायला नको. आणि शेवटच्या लोकल मध्यरात्रीनंतर तासाभरात संपतात, पुन्हा पहाटे चारच्या सुमारास सुरू होतात. म्हणून जूनचं घड्याळ बघून जागा घेऊ नकोस, सप्टेंबरचं बघून घे. माझं मत एवढंच आहे आणि पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे : कारखान्यापासून पायी जाता येईल अशी जागा घे. थोडी लहान असू दे, थोडी महाग असू दे, पोटमाळ्यावरची असली तरी चालेल.

पायी म्हणजे लालबाग, परळ, काळाचौकी, करी रोड, चिंचपोकळी, शिवडी, दादरचं नायगाव. एवढ्या टापूत मिळाली नाही तर एक स्टेशन, फार तर दोन. हार्बरवरचं वडाळाही चालेल, कॉटन ग्रीनला उतरून लालबागपर्यंत चालत येता येतं. मध्य रेल्वेवर राहिलीस तर एक ध्यानात ठेव, करी रोड-चिंचपोकळीला फास्ट गाडी थांबत नाही, परळलाही नाही. नकाशात जवळ दिसणारं ठिकाण दादरला गाडी बदलण्यात लांब होतं. आणि पश्चिम रेल्वेकडची जागा कुणी 'परळलाच आहे, पुलापलीकडे' म्हणून दाखवली, तर स्वतः चालून बघ. परळ आणि प्रभादेवी जोडणारा एल्फिन्स्टनचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद केला. माणसं रेल्वेच्या पादचारी पुलावरून जातात-येतात, पण रात्री बाराला एकटीने कुठून जायचं, ते दिवसा बघून ठेवावं.

डोंबिवलीचं बोलूया. काकू गप्प राहिली ते बरंच झालं, ती खरं बोलली. एका खोलीत पाच माणसं, त्यात कुणाची दहावी असेल, कुणाची रात्रपाळी असेल, आणि तू रोज रात्री दार वाजवणार. तुलाही स्लो गाडीने तासाहून जास्त, तेही सकाळच्या गर्दीत. शिवाय पाऊस. मुंबईत गाड्या बंद पडल्या की डोंबिवलीची माणसं ऑफिसात झोपतात, हे आम्ही २६ जुलै २००५ च्याही आधीपासून बघतोय. पण काकांना 'नको' म्हणू नकोस. फोन कर आणि दिवस मोजून सांग : "काका, ३० मेपासून आठ दिवस राहते, तेवढ्यात जागा बघते. नंतर सुट्टीच्या दिवशी जेवायला येईन." आठ दिवस म्हटलं की काकूचाही आवाज मोकळा होईल. 'बघू किती दिवस' या शब्दांनी मुंबईत जेवढी नाती आंबली, तेवढी भांडणानेही आंबली नसतील.

आणि हे आठ दिवस तुला लागणारच आहेत, कारण ही जागा मोबाइलवर मिळत नाही.

इथे थोडं जुनं सांगते. माझी आई परळच्या चाळीत खानावळ चालवायची. आमच्या दोन खोल्यांत गिरणीची बारा माणसं जेवायची. त्यांतली बरीचशी समोरच्या गावकीच्या खोलीत राहायची. गावाने वर्गणी काढून घेतलेली खोली, भिंतीला ट्रंका, दोरीवर कपडे, आणि झोपायचं पाळीने. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. तुझ्या बाबांच्या ओळखीचं कुणी तरी अशा खोलीत राहिलेलं असणार, त्यांचं ते झोपेचं वाक्य तिथूनच आलेलं दिसतं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेची दारं उघडून दिली. मग १९८२ चा संप आला आणि आमची बारा ताटं चारावर आली. गिरण्या गेल्या, पण एक रीत राहिली. या वस्तीत परक्या माणसाला ठेवून घेणं लोकांना नवीन नाही. मात्र ते जाहिरात वाचून ठेवत नाहीत, 'कुणाची कोण' हे कळल्यावर ठेवतात.

म्हणून गावाला असतानाच दोन फोन कर. पहिला तुमच्या गावच्या मुंबई मंडळाच्या सेक्रेटरीला. कोकणातल्या बहुतेक गावांचं मुंबईत मंडळ असतं, आणि लालबाग-परळपासून भांडुप-विक्रोळीपर्यंत सिंधुदुर्गातली माणसं पसरलेली आहेत. गावकीची खोली असलीच तर ती पुरुषांची, तिथे तुला जागा नाही आणि तू मागूही नकोस. तू एवढंच विचार : आपल्या गावचं किंवा शेजारच्या गावचं असं कुठलं घर आहे का, जिथे एकटी बाई राहते किंवा मुलं लग्न होऊन नालासोपारा-बदलापूरला गेली आणि म्हातारी-म्हातारा दोघंच आहेत? अशी घरं गिरणगावात चिक्कार आहेत. त्यांना तुझ्या भाड्याची गरज असते, पण त्याहून जास्त, रात्री घरात कुणीतरी असावं असं वाटत असतं.

दुसरा फोन कारखानदाराला. 'तुझं तू बघ' म्हणाला म्हणून विषय संपला असं धरू नकोस. त्याने तुला बोलावलंय, म्हणजे त्याला तुझा हात हवा आहे, आणि मजुरी अजून ठरायची असेल तर राहण्याचं त्याच बोलण्यात घे. त्याला तीन गोष्टी विचार. कारखान्यात आणखी बायका आहेत का, त्या कुठे राहतात? जवळ राहणाऱ्या एखादीच्या घरी माझ्यासाठी शब्द टाकाल का? आणि रात्री अकरानंतर थांबवलंत तर घरापर्यंत कोण सोडणार, टॅक्सीचे पैसे कुणाचे? यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक 'हो' येईल, कारण वर्षानुवर्षं तिथे मांडव घालणाऱ्या माणसाला गल्लीत सगळे ओळखतात. डिपॉझिटसाठी तो उचल देऊ करेल. घ्यायला हरकत नाही, पण रक्कम आणि ती कशी वळती होणार हे वहीत लिहून दोघांच्या सह्या घे. तोंडी उचल सप्टेंबरमध्ये फुगते.

मांडवात झोपण्याचा विचार मात्र करू नकोस, शेवटच्या आठवड्यातसुद्धा. हे मी तुझ्या मुलगीपणामुळे म्हणतेय हे खरंच आहे, पण मी मुलांनाही तेच म्हणेन. रात्रभर कॉम्प्रेसर चाललेला, स्प्रेच्या रंगाची वाफ ताडपत्रीखाली कोंडलेली, त्यात डोकं ठेवून झोपायचं आणि सकाळी उठून डोळे आखायचे. हात थरथरेल.

नोकरदार महिलांच्या वसतिगृहांचं तुला कुणीतरी सुचवेल. केंद्राच्या योजनेतल्या अशा वसतिगृहांना आता 'सखी निवास' म्हणतात, शिवाय जुन्या संस्थांचीही आहेत. चांगली असतात, सुरक्षित असतात. पण कामाचं पत्र लागतं, यादी असते, आणि रात्री दार बंद व्हायची वेळ ठरलेली असते. ऑगस्टमध्ये तू ती पाळू शकणार नाहीस. दादर-परळच्या धर्मशाळांचंही कुणी सांगेल. त्या टाटा आणि केईएमला आलेल्या रुग्णांच्या माणसांसाठी आहेत, तिथे आपण जाऊ नये. पण या रुग्णालयांमुळे एक गोष्ट तुझ्या पथ्यावर पडते. परळच्या आजूबाजूला थोड्या मुदतीचं राहणं लोकांच्या अंगवळणी पडलंय. 'साडेतीन महिने' म्हटल्यावर इथे कुणी भुवया उंचावत नाही. फक्त दिवसाचा दर लावू देऊ नकोस, महिन्याचा ठरव.

अकरा महिन्यांचं भूतही उतरवते. अकरा महिनेच पाहिजेत असा कायदा नाही, ती सवय आहे. वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून पूर्वी लोक एक महिना कमी करत, आणि तो आकडा चिकटून बसला. महाराष्ट्रात तर त्याचा तसा उपयोगही राहिलेला नाही. इथल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर दंड त्याला. वर असंही आहे की लेखी करार नसताना वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. साडेतीन किंवा चार महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार सरळ होतो, घरबसल्या ऑनलाइनही. खर्च म्हणशील तर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं. तू लिहिलेल्या आकड्यांवर ते शंभर रुपयांच्या आसपास येतं. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. वर एजंट स्वतःची फी घेतो. तेव्हा 'एवढ्याशा मुदतीला करार परवडत नाही' असं कुणी म्हणालं तर हा हिशेब दाखव.

आता व्यवहाराचं खरं सांगते. एखादी मावशी स्वतःच्याच घरात तुला एक कॉट देत असेल, तर ती रजिस्ट्रेशनचं नाव काढताच घाबरेल. मुलाला विचारते म्हणेल, मुलगा नाही म्हणेल, आणि चांगली जागा हातची जाईल. मी असते तर तिथे भांडत बसले नसते. पण चार ओळींचा कागद घेतल्याशिवाय राहिलेही नसते : तारीख कुठून कुठपर्यंत, भाडं किती, डिपॉझिट किती आणि ते निघताना त्याच दिवशी परत, विजेचे वेगळे पैसे आहेत का. दोघींच्या सह्या. पैसे मोबाइलवरून किंवा बँकेतून, म्हणजे नोंद राहते. डिपॉझिट दोन महिन्यांचं मागतात, तू एका महिन्याचं म्हण आणि शेवटच्या पंधरा दिवसांचं भाडं त्यातूनच वळतं करून घे. म्हणजे परत मागायला फार काही उरणारच नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं मालकाचं काम आहे, ऑनलाइन होतं. 'काही गरज नाही' म्हणणाऱ्याला तूच म्हण की माझ्या बाबांना हवंय. आधारची प्रत देताना शेवटचे चारच आकडे दिसतात ती दे.

एजंट लागला तर लागू दे, पण अकरा महिन्यांच्या करारावर तो एक महिन्याचं भाडं घेतो म्हणून साडेतीन महिन्यांवरही तेवढंच घेईल असं नाही. अर्ध्यावर आण. आणि ट्रान्झिट कॅम्पातली, म्हणजे जुन्या इमारतींतून हलवलेल्यांना तात्पुरती दिलेली खोली कुणी स्वस्तात दाखवली तर बघायलाही जाऊ नकोस. ती ज्याच्या नावाने दिलेली असते त्याने दुसऱ्याला भाड्याने द्यायची नसते. तपासणीला माणसं आली की भर पावसात बाहेर तू पडणार.

जागा बघायला जाशील तेव्हा शक्य तर पाऊस पडून गेल्यावर जा. मेमध्ये मुंबईतली प्रत्येक खोली कोरडी असते. परळच्या हिंदमाता भागात पाणी भरतं हे अख्ख्या शहराला ठाऊक आहे. भूमिगत टाक्या बांधल्यापासून ते लवकर उतरतं म्हणतात, तरी तळमजल्याची खोली असली तर भिंतीला जमिनीपासून किती उंच ओल चढलीय ते बघ. नवा रंग फक्त खालच्या दोन फुटांत दिला असेल तर समजून जा, रंगाचं तुला कळतं. सगळ्यात वरचा मजला असेल तर छताकडे बघ आणि ताडपत्री कोण घालतं ते विचार. इमारत जुनी असेल तर आणखी एक चौकशी कर. म्हाडाचं दुरुस्ती मंडळ दरवर्षी पावसाळ्याआधी उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींमधल्या अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं, आणि महापालिका ज्या इमारती रिकाम्या करायला सांगते त्यांना सी-१ म्हणतात. परळ-लालबाग महापालिकेच्या एफ दक्षिण विभागात येतं. भाडं अचानक फारच कमी सांगितलं, की आधी या याद्या बघ. अशा इमारतीत जुलैची एक रात्रही काढू नये.

पाणी किती वाजता येतं, हे विचारणं भाडं विचारण्याइतकंच महत्त्वाचं. चाळीत पहाटे तासभर येत असेल आणि तू रात्री एकला झोपलीस, तर तुझी बादली कोण भरणार? संडास सामाइक असेल तर रात्री तिथे दिवा असतो का, आतून कडी लागते का, ते स्वतः लावून बघ. गादी उचलून शिवणीत ढेकूण बघ, लाजू नकोस, मुंबईची माणसंही बघतात. पोटमाळा दाखवला तर वर चढून बस. मान ताठ राहते का? पंखा डोक्याला लागत नाही ना? खिडकी आहे की नुसता झरोका? साडेतीन महिने वाकून काढलेस तर आखणीला मान कुठून आणशील!

आणि घरात आणखी कोण कोण येतं-जातं, हे सरळ विचार. तुझ्या कॉटच्या खोलीला कडी कोणाच्या हातात आहे, हेही.

याच कारणासाठी बाबांना पहिल्या दोन दिवसांसाठी बरोबर घेऊन ये. तू २४ वर्षांची आहेस, तुला कुणी सोडायला यायची गरज नाही, मान्य. पण मालकिणीने बाबांना एकदा चहा दिला की तू 'पीजी' राहत नाहीस, 'अमक्यांची मुलगी' होतेस. आणि बाबांनाही पुढे शंभर दिवस फोनवर काळजी करताना डोळ्यासमोर एक दार दिसेल. कुडाळहून तुतारी एक्स्प्रेस पकडा, ती सकाळीच दादरला सोडते. तिथून परळ हाकेच्या अंतरावर, अख्खा दिवस जागा बघायला मिळतो.

जेवणाचं सोपं आहे. पोळीभाजी केंद्रं आणि डबेवाल्या बायका या भागात पावलोपावली आहेत. एकच सांगते, मालकिणीशी स्वयंपाकघर वापरायचं आधी ठरव. 'कधीतरी चहा करीन' यातला कधीतरी किती, यावरून भांडणं होतात. मासे चालतात का तेही विचार. तू मालवणी, साडेतीन महिने वासावर काढणार नाहीस.

एक पर्यायी रात्रही ठरवून ठेव. जागा लांब मिळाली असेल आणि पावसाने गाड्या बंद पडल्या, किंवा ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी मोठ्या मंडळांची आगमनं निघाली आणि चिंचपोकळीच्या चिंतामणी गणपतीच्या गर्दीत चिंचपोकळी-लालबागचा रस्ताच उरला नाही, तर तू कुणाकडे झोपणार? कारखान्यातल्या एखाद्या बाईशी पहिल्याच आठवड्यात हे बोलून घे. रात्री उशिरा लोकलने जायची वेळ आली तर महिलांच्या ज्या डब्यात पोलीस असतो त्यात चढ, रिकामा डबा आरामाचा वाटला तरी नको. ११२ फोनमध्ये वरच ठेव.

परतीचं तिकीट विसरशील म्हणून इथेच लिहिते. आता आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. १३ सप्टेंबरला निघायचं तर १५ जुलै ही तारीख. त्या सकाळी ब्रश बाजूला ठेव आणि दादाला गावी, तुला इथे, दोघांनी एकदमच प्रयत्न करा. काही मिनिटांत गाड्या भरतात. कारखानदाराला आजच सांग की १३ ला तू सुटणार, नाहीतर तो तुला चतुर्थीच्या पहाटेपर्यंत धरून ठेवेल आणि घरच्या गणपतीला तू नसशील.

आता तुझा शेवटचा प्रश्न. हसले नाही. उलट तोच मी परत परत वाचला. लालबाग-परळमध्ये जुलै लागला की किती तरी घरांतल्या पोरांच्या नखांत सोनेरी रंग असतो. दुकानदार सुट्टे पैसे देताना बघतो आणि विचारतो, "कुठल्या मांडवात?" तुझ्या हाताला रंग दिसला तर तिथली मावशी तुला बाहेर उभी करणार नाही, आपल्या घरच्या मूर्तीचे डोळे तू आखशील का, असं विचारेल, आणि तेही फुकटात. तेवढं कर. मात्र थिनरची बाटली आणि रंगाची फडकी घरी आणू नकोस. चाळीत गॅस, देव्हाऱ्यातला दिवा आणि तुझी कॉट एकाच खोलीत असणार. हात कारखान्यातच धुऊन निघ, आणि कामाचे कपडे तिथेच खुंटीला ठेव.